वीसपैकी अठरा!

आमच्या अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात कोणत्याही घरी जा आणि दहावीतल्या मुलाला विचारा, "काय रे, पुढे काय करणार?" तो बहुधा "इंजिनिअर" म्हणेल. आईचा चेहरा उजळेल. वडील क्लासच्या फीचा आकडा सांगतील. आता त्याच मुलाला म्हणा, "बरं, तो कोपऱ्यातला पंखा खडखडतोय, जरा बघ बघू काय झालंय ते." तो पंख्याकडे पाहील, तुमच्याकडे पाहील आणि आईला हाक मारील. आई वायरमनला फोन करील. आणि तो वायरमन कोण? दोन वर्षांमागे त्याच शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेला शेजारचा मुलगा!

ज्याला यंत्राची खोड ओळखता येते तो शाळेच्या लेखी ढ, आणि ज्याला पाना कोणत्या बाजूला फिरवावा हे ठाऊक नाही तो भावी इंजिनिअर, ही उलटापालट होते तरी कुठे? पुष्कळ लोक म्हणतात, शाळेत हातांना काही शिकवतच नाहीत. हे अर्धेच खरे आहे. हातांना शिकवण्याचे प्रयोग आपल्याकडे झाले, चांगले झाले, अजून चालू आहेत. घोडे पेंड खाते ते निराळ्याच ठिकाणी. शिकलेले तपासायचे कसे, हे आपण कधी मनावर घेतलेच नाही.

मी हे कोणत्या अधिकाराने लिहितो? माझी उमेद मुंबईतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर गावी आलो, सुपारीच्या वाडीत लक्ष घालू लागलो, आणि एके दिवशी एका शाळेचे मुख्याध्यापक दारात उभे राहिले. शाळेत तंत्र विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरचा परीक्षक हवा होता. तेव्हापासून गेली नऊ वर्षे अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या निरनिराळ्या शाळांत मी हे काम करतो आहे. मानधन रिक्षाला पुरत नाही, पण करमणूक भरपूर होते. संतापही.

बुडबुडा

एका शाळेतली हकिगत सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुलांना काम दिले होते ते असे: अंगणाच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर एकाच उंचीची खूण करायची. साधन म्हणजे गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी. नळीत पाणी भरायचे, एक टोक या भिंतीला, दुसरे त्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल ती एक पातळी. सोपे काम. पण नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला असला तरी खूण चुकते, आणि पुढे सारा चौथरा वाकडा बसतो.

पहिला मुलगा वर्गातला हुशार. त्याचे जर्नल पाहून डोळे निवावेत. निळ्या शाईत मजकूर, लाल शाईत मथळे, पाण्याची पातळी समान का राहते याचे सुरेख उत्तर. त्याने नळी उचलली, खुणा केल्या आणि बाजूला उभा राहिला. नळीत बोटाच्या पेराएवढा बुडबुडा होता. तो त्याला दिसलाही नाही.

नंतर एक मुलगी आली. तिने नळी उजेडात धरून पाहिली, टिचक्या मारल्या, एक टोक वर धरून बुडबुडा बाहेर काढला. मग दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरून पाणी एका रेषेत येते की नाही ते आधी पाहून घेतले, आणि त्यानंतर भिंतीकडे गेली. मी विचारले, "हे कुणी शिकवलं गं?" ती म्हणाली, "कुणी नाही सर. बाबा गवंडीकाम करतात. सुट्टीत नळीचं दुसरं टोक मीच धरते." तिचे जर्नल मात्र अर्धे कोरे होते.

माझ्यापुढच्या पत्रकावर दोनच रकाने होते. 'काम पूर्ण केले' आणि 'जर्नल'. बुडबुडा काढण्याला रकाना नव्हता! पत्रकाप्रमाणे पाहिले तर त्या मुलाला वीसपैकी अठरा आणि मुलीला तेरा. मी पत्रकाबाहेर जाऊन मुलीला एकोणीस आणि मुलाला बारा लिहिले. संध्याकाळी मुख्याध्यापक चहा घेऊन आले. माणूस सज्जन. म्हणाले, "साहेब, प्रात्यक्षिकाचे गुण असे खाली-वर नको हो. पालक भांडायला येतात. आपण सरसकट अठरा लावू. कुणाचं नुकसान नको." मी म्हटले, "त्या मुलीचं होतंय ना!" ते हसले, चहा पुढे केला. पुढल्या वर्षी त्या शाळेने मला बोलावले नाही. दुसऱ्या शाळांनी बोलावले, आणि बहुतेक ठिकाणी तेच वीसपैकी अठरा माझी वाट पाहत बसलेले आढळले.

प्रात्यक्षिकात सर्वांना सारखे गुण मिळाले की निकाल लेखी परीक्षेवरच लागतो. म्हणजे विषय हातांचा, पण निवड पुन्हा पाठांतराचीच.

मॉस्को आणि स्वीडन

हा पेच आपलाच आहे असे नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी साऱ्या जगाला तो पडला होता. १८६८च्या सुमारास मॉस्कोच्या तंत्रविद्यालयात व्हिक्टर डेला-व्होस या गृहस्थाने एक युक्ती काढली. कारागिराच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी करण्याऐवजी त्याने कामाचे तुकडे पाडले. आधी नुसती कानस चालवायची, मग खाच पाडायची, मग सांधा जुळवायचा. प्रत्येक तुकड्याचा नमुना ठरलेला, त्याला मोजमाप लावता येईल असा. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेचे अध्यक्ष रंकल ते पाहून थक्क झाले. तिथून ही पद्धत जगभर पसरली. आपल्या तंत्रशाळांतून लोखंडाच्या दोन चौकोनी तुकड्यांचा जो 'जॉब' मुले घासत बसतात, तो या घराण्यातला. तपासायला सोपा: गुण्या लावा, व्हर्निअर लावा, गुण द्या. दोष एवढाच की परीक्षा झाली की तो जॉब भंगारात जातो, आणि मुलालाही तो भंगारात जाणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असते.

दुसरे घराणे स्वीडनचे. तिथे नेस या ठिकाणी ऑटो सॉलोमन हे 'स्लॉइड' नावाचे हस्तकौशल्य शिकवण्यासाठी शिक्षक तयार करीत. त्यांचे म्हणणे असे की मुलाने केलेली वस्तू घरात वापरली गेली पाहिजे, मग ती साधी पळी का असेना; आणि मुलाच्या कामाला शिक्षकाने हात लावता कामा नये. हा दुसरा नियम आमच्याकडच्या शिक्षकांनी फळ्यावर लिहून ठेवावा. प्रदर्शनातल्या किती वस्तू मुलांच्या आणि किती गुरुजींच्या, हे मला दुरून ओळखू येते!

आपल्याकडे १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. त्यात हस्तोद्योग हा जोडविषय नव्हता. गणित, भूगोल सारे त्यातूनच शिकायचे होते. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला. १९७७ साली त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे भारदस्त नाव मिळाले. त्या तासाला पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. मेणबत्त्या झाल्या, खडू झाले, भेटकार्डे झाली, आणि परीक्षा जवळ आली की तोच तास गणिताच्या सरांनी मागून घेतला.

तांत्रिक विद्यालयांचे चालले होते ते त्या मानाने बरे. आसपासच्या शाळांतली मुले ठरलेल्या वेळी एका केंद्रावर येत, तिथे लेथ असे, भट्टी असे, ड्रॉइंगचे टेबल असे. तंत्र विषय घेऊन दहावी झालेल्यांना तंत्रनिकेतनांत काही जागा राखून ठेवण्याची पद्धतही पडली. चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे कानशीवर प्रेम करणारे थोडे आणि जागेवर डोळा ठेवून आलेले पुष्कळ, असा वर्ग जमू लागला.

पाबळचा डॉक्टर

या साऱ्यात एक प्रयोग निराळा ठरला. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आलेले. मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर होते. मुदतीआधीच नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. उद्देश शाळा सुधारण्याचा, पण सुरुवात केली ती शाळेत न टिकलेल्या मुलांपासून. त्यांची धारणा अशी की खेड्यातला मुलगा बुद्धीने कमी नाही. त्याला शब्दांतून शिकता येत नसेल, हातांतून येते.

तिथे आकाराला आलेला 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय पुढे महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त मंडळाने मान्य केला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक पुरा दिवस. चार भाग: कार्यशाळा आणि अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. चारही भाग सर्वांना. मुलगी वेल्डिंग करणार आणि मुलगा स्वयंपाक. शिकवायला पदवीधर मिळेना तर गावातलाच वेल्डर किंवा सुतार बोलवा. त्याला 'निदेशक' म्हणतात. आणि मुख्य गोष्ट अशी की मुलांनी केलेले काम खऱ्या गिऱ्हाइकाचे असावे. शाळेचे फाटक, शेजाऱ्याचे वायरिंग, शेतकऱ्याची मातीची तपासणी. माल वाया गेला तर खरोखर वाया जातो, आणि फाटक लागले नाही तर सारा गाव हसतो!

ही झाली खरी परीक्षा. अमेरिकेतल्या त्याच मॅसॅच्युसेट्स संस्थेने जगभर 'फॅब लॅब' काढायला आरंभ केला, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांत २००२ साली पाबळची गणना झाली, ती उगाच नव्हे. कलबाग २००३ साली गेले. त्यांचा विषय आज नव्या नावांनी आणि फेरफारांनी पुष्कळ शाळांत चालू आहे.

तरी एक गोष्ट नमूद करतो. गिऱ्हाईक हा चांगला परीक्षक आहे, पण एकटा पुरेसा नाही. शेजारच्या काकू पोराचे कौतुक म्हणून वाकडे स्टूलही विकत घेतात. तिथे मॉस्कोचा गुण्या हवाच. मला विचाराल तर वस्तू स्वीडनची असावी आणि मोजणी मॉस्कोची.

एकही खिळा नको

आणि या दोहोंहून निराळी अशी एक तिसरी परीक्षा असते. तिच्यासाठी आमच्या अलिबागसारखे गाव नाही. समुद्रकिनाऱ्याजवळ इथे पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. हे काम आधी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चाले. पण मुंबईत घोड्यांची ट्रॅम जाऊन विजेची येणार असे ठरले, आणि विजेच्या प्रवाहाने सुया बिघडणार हे ओळखून तेव्हाचे संचालक डॉ. नानाभॉय मूस यांनी १९०४ साली नवी वेधशाळा अलिबागेत उभारली. जिथे सुया ठेवायच्या ती इमारत लोखंड कटाक्षाने टाळून, निवडून आणलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली.

मी मुलांना ही गोष्ट सांगतो आणि विचारतो, "लोखंडाचा एकही खिळा न वापरता खोली बांधायची आहे. दरवाजा कसा टांगाल? छप्पर कसं धराल?" पहिल्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, हे पुस्तकात आहे का?" मागच्या बाकांवर मात्र कुजबुज सुरू होते. एकजण म्हणतो, पितळेच्या बिजागऱ्या. दुसरा म्हणतो, लाकडी मेखा. एका कोळ्याच्या मुलाने सांगितले, सुंभाने बांधू. मी म्हटले, "पावसात?" तो म्हणाला, "ओला झाला की आवळतो सर, वाळला की सैल. दर साली बदलावा लागेल." हे उत्तर बरोबर की चूक हा प्रश्नच नाही. त्याने उपाय सांगितला, उपायातली खोट सांगितली आणि खोटीची किंमतही सांगितली. इंजिनिअरिंग याहून वेगळे काय असते? पण अशा उत्तराला कोणत्या पत्रकात किती गुण आहेत?

कोणी म्हणेल, अशी तपासणी परीक्षकाच्या लहरीवर जाईल, वशिले चालतील. भीती खोटी नाही. म्हणूनच तर प्रवेशाच्या परीक्षा पर्याय निवडण्याच्या झाल्या. महाराष्ट्राची सामाईक प्रवेश परीक्षा दोनशे गुणांची. शंभर गणिताचे, पन्नास-पन्नास भौतिक आणि रसायनाचे. यंत्र निःपक्षपाती असते हे कबूल. पण त्या दोनशेत बुडब्याला एकही गुण नाही, आणि त्या परीक्षेतून आमच्याच जिल्ह्यातल्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा आणखी कुठे गेलेला मुलगा कानस पहिल्यांदा हातात धरतो तो अठराव्या वर्षी. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली निघाले, तेव्हा त्याच्या नावातच 'मेकॅनिकल स्कूल' हे शब्द होते, हे आज आठवते कुणाला?

वारे थोडे बदलते आहे. २०१६पासून शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय सांगितली. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी प्रवेशाच्या पात्रतेसाठी जी चौदा विषयांची यादी दिली, तिच्यात तांत्रिक व्यवसाय विषय आणि अभियांत्रिकी आलेखन यांनाही जागा मिळाली. दारे किलकिली झाली; आता आत येणाऱ्याची पारख कोण आणि कशी करणार, तेवढे ठरायचे आहे.

उघाडी

गेल्या खेपेस एका शाळेने मला मोकळीक दिली. "पत्रक तुम्हीच करा," म्हणाले. मी उघाडी निवडली.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे खाडीकाठची भातशेती समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली असते. तिला राखतो तो मातीचा बांध. त्याला बाहेरकाठा म्हणतात. बांधाला खांड गेली की खारे पाणी शिरते आणि पुढली काही वर्षे भात विसरा. खार जमिनींच्या रक्षणासाठी मुंबई सरकारने १९४८ साली खास कायदा केला, तो याचसाठी. पण पावसाचे पाणी तर बाहेर गेले पाहिजे. म्हणून बांधात मोरी ठेवतात आणि तिच्या समुद्राकडच्या तोंडावर वरून टांगलेली झडप. भरती आली की समुद्रच ती दाबून बंद करतो. ओहोटी लागली की शेतातले पाणी तिला ढकलून निघून जाते. माणूस लागत नाही, वीज लागत नाही.

मी नववीच्या मुलांचे सहा गट केले. प्लॅस्टिकचे टब, प्लायवुडचे तुकडे, सायकलची जुनी ट्यूब, बिजागऱ्या. तीन शनिवार. पत्रक पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले, म्हणजे कशाला गुण आहेत ते सर्वांना ठाऊक. भरतीच्या बाजूने पाणी भरल्यावर पाच मिनिटांत किती गळते ते मापाने मोजायचे: सहा गुण. आतल्या बाजूला पाणी किती बोटे चढल्यावर झडप उघडते: चार गुण. गळतीचे कारण शोधून तोंडी सांगणे: सहा. दुसऱ्या गटाला आपली झडप दुरुस्त करता येईल असे चित्र काढणे: चार. जर्नलला शून्य.

गंमत लवकरच सुरू झाली. पहिल्या शनिवारी सगळ्यांच्याच झडपा गळल्या. दुसऱ्या शनिवारी एका गटाने झडपेला शिशाचे वजन बांधले. गळती थांबली, पण झडप उघडेना. दुसऱ्या गटाची हलकी झडप चटकन उघडे आणि तशीच गळेही. गळती आणि उघडणे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत हे त्यांना मी सांगितले नाही, टबाने सांगितले. तिसऱ्या शनिवारी एका मुलाचे आजोबा काठी टेकत आले. जन्म खारात गेलेला. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, झडप उभी कशाला टांगली? जरा कलती बसवा. मंग ती आपल्या वजनानंच बसते." मुलांनी मोरीच्या तोंडाला उतार दिला. गळती निम्म्याच्या खाली आली. उघडायला मात्र दोन बोटे पाणी जास्त लागू लागले. "मग शेतात पाणी तुंबेल ना, आजोबा?" एका मुलीने विचारले. म्हातारा म्हणाला, "तुंबल की. म्हनून तर दोन उघाड्या ठेवायच्या, बाय."

गुण आले ते असे: सतरा, सोळा, पंधरा, चौदा, अकरा आणि नऊ. सतरावाल्यांची झडप सर्वांत घट्ट नव्हती. पण ती कुठे आणि का गळते हे त्या गटातल्या चारही मुलांना सांगता आले. नऊवाल्यांची झडप बघण्यासारखी होती, एक थेंब गळत नव्हता. ती बाजारातल्या सुताराने केली होती, आणि का गळत नाही हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता येईना.

मुख्याध्यापकबाईंनी पत्रक दोनदा वाचले, चष्मा काढला, पुसला आणि सही केली. पालक भांडायला आले, दोन आले. बाईंनी त्यांना टबापाशी नेऊन उभे केले. त्या नऊवाल्या गटाने सोमवारी सुताराची झडप खोलून तिचे चार भाग बाकावर मांडले होते, आणि एकजण पट्टीने रबराची जाडी मोजत होता.